कबासो बोलायला उभा राहिला

बिबट्याच्या कुळाने बकऱ्याच्या कुळाचं मढं उचलायचं आणि बकऱ्याच्या कुळाने आमचं, असं म्वेरू सरोवराच्या काठी चालत आलं आहे. उचलताना चेष्टा करायची, मेलेल्याची उणीदुणी काढायची, आणि घरच्यांनी ते रडत रडत हसून सोसायचं. मी बिबट्याच्या कुळातली. कबासो बकऱ्यांचा. म्हणून तो गेला तेव्हा मी त्याच्या शवपेटीवर आडवी पडले आणि म्हणाले, "हा बकरा मी अजून अर्धाच खाल्लाय. उरलेला मातीत घालू देणार नाही." त्याची बहीण डोळे पुसता पुसता हसली. तेवढ्यासाठीच तर आम्हाला बोलावतात.

कबासो माझ्या शेजारच्या मतदारसंघाचा खासदार. संसदेत तो माझ्या समोरच्या बाजूला बसायचा. पक्ष वेगळे होते, पण थट्टेचं नातं पक्षांपेक्षा जुनं. राजधानीत, लुसाकाला, संसदेच्या चहाच्या खोलीत तो सगळ्यांदेखत ओरडायचा, "काय गं मांजरे, दात शाबूत आहेत का?" आणि मी म्हणायची, "तुला अजून कुणी कापला कसा नाही?" नव्याने निवडून आलेल्यांना वाटायचं, आता हे दोघं मारामारी करणार.

त्याचं एकच भाषण लोकांना पाठ होतं. शहरातल्या घरात विधवेचा वाटा असतो, हे कायद्याने कधीचंच ठरलेलं. पण कुळाच्या जमिनीवर बांधलेलं घर कायद्याच्या बाहेर राहिलं होतं. तेही बायकोमुलांकडे राहावं असं विधेयक कुणीतरी पूर्वी एकदा आणलं, तेव्हा कबासोने सभागृह डोक्यावर घेतलं. "कुळाच्या जमिनीवर बायको पाहुणी असते," तो म्हणाला. "पाहुण्याचा मान ठेवावा, त्याला उंबरा लिहून देऊ नये." ते विधेयक बारगळलं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बोलले, कारण थट्टेच्या नात्यात अबोला धरायला मनाई आहे.

माणूस पुरतात, नाव पुरत नाहीत. ते उठवून कुणाला तरी द्यावं लागतं, नाहीतर ते घराभोवती फिरत राहतं. आमच्याकडे वारसा आईच्या बाजूने चालतो, म्हणून नाव जातं ते बहिणीच्या मुलाला. कबासोच्या बहिणीचा थोरला मोफ्या. मान्सा शहरात वकिली करायचा, गरिबांचे खटले फुकट लढवायचा आणि चष्म्याची काडी दोऱ्याने बांधायचा. त्याला चटईवर बसवलं. हातात मामाचं धनुष्य दिलं. कपाळाला मी पांढरं पीठ लावलं, कारण ते काम थट्टेच्या माणसाचं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मोफ्या गेला. कबासो आला. बघून घ्या, बकरा पुन्हा हजर आहे."

तिथून पुढे तो कबासो. ही उपमा नव्हे. त्याची सख्खी आई त्याच्यासमोर आली आणि म्हणाली, "बस, दादा." त्याच्या मामीने, कबासोच्या बायकोने, गुडघे टेकून पाणी दिलं आणि म्हणाली, "अहो, घ्या." आता कबासोची हकीकत सांगताना त्याने 'मामा' म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. मी सरोवर ओलांडलं, मी गोऱ्यांच्या तुरुंगात गेलो. आपण तेव्हा जन्मलो नव्हतो, हे मनातसुद्धा आणायचं नाही.

नाव देताना थोरल्या मामांनी, म्हणजे कबासोच्याही मामाने, नियम सांगितला. डोळ्यांनी अधू झालेला, पण आवाजाने नाही, असा तो म्हातारा. "नाव उसनं असतं," तो म्हणाला. "मन भरलं की धाकट्या भाच्याला देता येतं. फक्त एक ध्यानात ठेव. मेलेल्याने चारचौघांत दिलेला शब्द फिरवू नकोस. शब्द जिवंत माणूसच फिरवतो. तू फिरवलास तर कबासो तुझ्यात जिवंत झाला असं होईल. मग ते नाव सुटायचं नाही. तुझ्याबरोबरच जाईल."

सगळे पुढे येऊन टाळ्या वाजवत गुडघे टेकत होते. मागे एकटी उभी होती ती कसुबा, कबासोची मुलगी. तीही मान्सालाच, शाळेत गणित शिकवायची. ती पुढे आली, गुडघा काही टेकला नाही. पदराच्या टोकाने त्याचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "मोफ्या, पीठ डोळ्यात जातंय तुझ्या."

बायकांमध्ये कुजबुज झाली. तिने 'बाबा' म्हणायला हवं होतं. पण ती त्याच्या मामाची मुलगी होती हो, दुसरं काय सांगू. लहानपणापासून दोघांची नावं एकत्र घेतली जायची, घरच्यांनी धरलेलं होतं, दोघांनीही धरलेलं होतं. आणि एका चिमूटभर पिठाने ती त्याची लेक झाली.

"मग घेतलंस कशाला हे नाव?" त्या दुपारी मी त्याला आंब्याखाली गाठून विचारलं. माझा पारा चढला होता.

"मी नाही घेतलं तर दुसऱ्या मावशीच्या म्वांसाकडे जाईल," तो म्हणाला. "तो पहिल्या पिकाआधी मामीला घराबाहेर काढेल, ताई. नाव माझ्याकडे असलं तर निदान थांबवता तरी येईल. शिवाय जागा रिकामी झालीय. लोक म्हणताहेत, कबासो पुन्हा उभा राहतोय. मी निवडून येतो, ते विधेयक पुन्हा आणतो, मग नाव धाकट्याला देतो."

"आणि ही?"

कसुबा आंब्याच्या बुंध्याला टेकून शेंगदाणे सोलत होती. "मी थांबते," ती म्हणाली. "पण म्हातारी होईपर्यंत नाही. आणि याला बाबा म्हणणार नाही, सांगून ठेवते. एक बाप मेला माझा, पुरे झाला."

तो निवडून आला. येणारच होता. प्रचारात त्याने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. लोक मतपेटीकडे जाताना म्हणत होते, "बरं वाटलं रे, कबासो बरा होऊन आला."

*

संसदेत त्याला मामाचीच जागा मिळाली. ती योगायोगाने मिळाली म्हणतात. मी समोर बसून बघत होते. पहिल्या अधिवेशनात तो मोफ्याच होता, कागदांत डोकं घालून बसलेला, चष्म्याचा दोरा कानामागे खुपसलेला. दुसऱ्या अधिवेशनात चहावाल्याने त्याच्यापुढे बिनदुधाचा, आलं घातलेला चहा ठेवला. तो मामाचा चहा. मोफ्याला दूध लागायचं. त्याने तो तसाच पिऊन टाकला. पुढे पुढे तो डाव्या कुल्ल्यावर भार टाकून बसायला लागला, तुरुंगात कंबर मोडलेल्या मामासारखा. मी स्वतःला समजावलं की खुर्चीच तशी खचली असेल.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याने मला सरोवर ओलांडल्याची गोष्ट सांगितली. स्वातंत्र्याआधी कबासो पत्रकं घेऊन काँगोच्या काठावरून होडीने आला होता, ती. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. "पोलिसांची बोट जवळ आली तेव्हा मी आडवा झालो," तो मासा सोलता सोलता म्हणाला. 'मी' म्हणणं बरोबरच होतं, तसंच म्हणायचं असतं. "खिशातली तंबाखू भिजली. तो वास अजून नाकात आहे. पुढे कधी तंबाखूला हात लावला नाही मी."

कबासो तंबाखू का ओढत नाही हे मी त्याला कित्येकदा विचारलं होतं. त्याने कधीच सांगितलं नव्हतं.

"हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि खरं सांगते, ओळख पटायला त्याला जरा वेळ लागला. मग म्हणाला, "कुणीतरी सांगितलं असेल गं, मांजरे."

तोवर तो मला ताई म्हणत आला होता. मी पाण्याचं निमित्त करून उठले.

विधेयक मात्र त्याने आणलं, आणि फार चांगलं आणलं. ती भाषा मोफ्याची होती, साफ आणि नेमकी. दोन्ही पक्षांना त्याची जबाबदारी नको होती, म्हणून दोघांनीही आपापल्या माणसांना मोकळं सोडलं, ज्याला जे वाटेल ते मत द्या. चहाच्या खोलीत मी आणि तो एकेकाला गाठत होतो. हो म्हणणारे पुष्कळ निघाले. दक्षिणेतले गुरंवाले, राजधानीतले सुटाबुटातले, दोन पाद्री. एक म्हातारा खासदार म्हणाला, "माझ्या पोरीला बाहेर काढलं तिच्या सासरच्यांनी. माझं मत तुझंच." मला वाटलं, या खेपेला गंगेत घोडं न्हालं.

*

मत व्हायच्या आधीच वर्षश्राद्धाचा विधी आला. त्यानंतर विधवेने घर सोडायचं असतं. मीही गेले, थट्टेच्या माणसाशिवाय तो विधी होत नाही.

ओसरीवर कुळाची माणसं बसली होती. समोर कसावाच्या कंदाच्या पिठाचा गोळा आणि वाळवलेल्या माशांचं कालवण, कुणीच धड जेवत नव्हतं. थोरल्या मामांनी घसा खाकरला. "कबासो, म्वांसाला लग्न करायचंय. घर त्याला हवं. तुझ्या बायकोला तिच्या माहेरी पोचवायला होडी सांगू का?"

"मामी कुठेही जाणार नाही," मोफ्या म्हणाला.

"मामी कोण?" म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं.

मोफ्याने हातातला घास खाली ठेवला.

"तूच म्हणाला होतास," म्हातारा पुढे म्हणाला. "लुसाकात, सगळ्या देशासमोर. रेडिओवर आम्ही इथे, याच ओसरीवर बसून ऐकलं. कुळाच्या जमिनीवर बायको पाहुणी असते. आम्ही तुझा शब्द पाळतोय. आमचं काय चुकलं?"

मामी दाराआड होती ती बाहेर आली. ठेंगणी, अबोल बाई. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो," ती मोफ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही मला दवाखान्यात वेगळं सांगितलं होतं. शेवटच्या आठवड्यात. आठवतं ना तुम्हाला?"

"काय सांगितलं होतं?" म्वांसाने मध्येच विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं ज्याने, तो बसलाय ना समोर. त्याला सांगू दे." तिने मोफ्यावरची नजर हलवली नाही. "माझी दोन तान्ही या घरामागे पुरलीत. मी त्यांना टाकून माहेरी जाऊ का, अहो?"

इतकी माणसं त्या ओसरीवर होती आणि सगळ्यांना कबासोची आठवण हवी होती. कुळाला एक कबासो आठवत होता, बाईला दुसरा. मधे बसलेल्या पोराला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा विचारलं नाही.

"नवराबायकोतलं बोलणं चारचौघांतलं नसतं," थोरले मामा म्हणाले. "संसदेतला शब्द संसदेतच फिरतो. तिथे काही वेगळं बोललास तर आम्ही ऐकू. तोवर घराला कुलूप नाही लावत. पण नियम सांगितलाय मी तुला."

"लक्षात आहे," मोफ्या म्हणाला. त्याने डाव्या बाजूवरचा भार उजवीकडे घेतला आणि पुन्हा डावीकडे टाकला.

*

मतदानाच्या दिवशी कसुबा लुसाकाला आली. संसदेच्या आवारातल्या जॅकरँडाच्या झाडाखाली आम्ही तिघं उभे होतो. तिने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली, बायको करते तशी.

"मोफ्या म्हणून बोल," ती म्हणाली. "कायदा मोफ्याला येतो. बाबांना कुठे येत होता? त्यांना नुसता आवाज होता."

"पडलं तर?"

"पडलं तर आईला मी मान्साला नेते. रडेल, बसेल रुसून, पण जगेल. आपण पुन्हा आणू विधेयक. तू बाबा होऊन बोललास तर आई घरात राहील, आणि आपलं संपलं. तो म्हातारा काही थट्टा करत नव्हता. सगळं कुळ ते मानतं. तुझी आईसुद्धा मानते. मग माझं लग्न माझ्या बापाशी कोण लावून देईल रे?"

"तू मानतेस का?"

"मी गणित शिकवते," ती म्हणाली. "पण मलाही भीती वाटते. आजकाल तू पाठमोरा असलास की मी हाक मारायला घाबरते."

त्याने तिचा हात धरला. "मोफ्या म्हणून बोलतो," तो म्हणाला. "शब्द देतो." तो आवाज त्याचाच होता. मी शपथेवर सांगेन.

ती प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसली. त्याची पाळी आली. सभापतींनी आमच्या पद्धतीप्रमाणे मतदारसंघाचं नाव घेतलं, पण मागच्या बाकावरून कुणीतरी सवयीने म्हणालं, "बोला, कबासो, बोला." त्याने चष्मा काढला. कागद टेबलावर पालथे घातले. दोन्ही हात मागे बांधले. मी त्या माणसाला तसा उभा राहिलेला आयुष्यभर पाहिला होता, आणि त्याच्या पेटीवर आडवी पडले होते.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "मी याच जागेवरून पूर्वी एकदा म्हणालो होतो की बायको पाहुणी असते."

वर सज्जात कसुबाने कठडा धरला.

"मी खोटं बोललो. मला टाळ्या हव्या होत्या, त्या मिळाल्या. ते घर मी बांधलं नाही. मी तुरुंगात होतो. माती तिने तुडवली, विटा तिने पाडल्या, पोटुशी होती तेव्हा. मी सुटून आलो आणि पत्रे आणले. दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर मी तिला म्हणालो, भिंती तुझ्या, पत्रे तेवढे माझे. माझ्यामागे कुणी बाहेर काढलं तर पत्रे देऊन टाक आणि भिंतींत राहा. आज ते सगळ्यांसमोर म्हणतो. माझा पहिला शब्द मी परत घेतला."

मी मामीला पुढे विचारलं. हेच शब्द, एक कानामात्रा इकडेतिकडे नाही. तिने ते जिवंत माणसाला सांगितले नव्हते. ती मला हे सांगताना हसत होती, नवरा घरी आल्यासारखी.

तो खाली बसला. मला वाटलं, जिंकलो. अशा भाषणानंतर विरोधात कोण उठेल?

उठले. सगळ्यात आधी उठला तो म्हातारा, ज्याची पोर सासरहून हाकलली होती. "माननीय कबासो त्यांच्या मेलेल्याच्या वतीने बोलले," तो म्हणाला. "मग मलाही माझ्या मेलेल्याच्या वतीने बोललं पाहिजे. माझ्या आजोबांचं नाव माझ्याकडे आहे. त्यांनी गावासमोर वेगळा शब्द दिला होता. मी तो कसा फिरवू? मला ते नाव नातवाला द्यायचंय." तो बोलताना रडत होता. त्याच्यामागून दक्षिणेतला गुरंवाला उठला, त्याच्यामागून एक पाद्री. चहाच्या खोलीत ही नुसती माणसं होती, कुणाचे बाप, कुणाचे जावई. इथे एकेक जण उठताना मागे हळूच वळून बघत होता, कुणीतरी खांद्यावर हात ठेवल्यासारखा. कुणाला मामाने अडवलं, कुणाला आजोबांनी, कुणाला कुळाच्या पहिल्या पुरुषाने. मोफ्याने कायद्याची गोष्ट केली असती तर त्यांना कायद्याची उत्तरं द्यावी लागली असती, आणि ती त्यांच्याकडे नव्हती. त्याने मेलेल्यांना दार उघडून दिलं. आमच्याच माणसाला सुचावी अशी चूक.

मी बाजूने मत दिलं. माझ्या कुळातले मला अजून टोमणे मारतात. विधेयक पडलं.

बाहेर आल्यावर मी त्याला कोपऱ्यात ओढलं. "शब्द दिला होतास तिला," मी म्हणाले.

"मी उभा राहिलो तेव्हा मोफ्या म्हणूनच उभा राहिलो," तो म्हणाला. "पहिलं वाक्य तयार होतं. मग मी ऐकत होतो. मला थांबवता आलं असतं, ताई. तेच तर सांगतोय. मधे एकदा थांबवता आलं असतं, आणि मला मामी दिसली, भांडं खाली ठेवताना. मी नाही थांबवलं."

कसुबा जॅकरँडाखाली नव्हती. दरवानाने सांगितलं, बाई मघाशीच बसस्टँडकडे गेल्या.

गावात ओसरीवर सगळ्यांनी रेडिओ ऐकला होता. थोरल्या मामांनी रेडिओ बंद करायला लावला म्हणे. मग म्वांसाला म्हणाले, "त्याने सांगितलं. झालं. तू दुसरीकडे जागा बघ." एवढ्यावर मिटलं. मामी घरात राहिली. जे काम अख्ख्या देशाच्या कायद्याने झालं नसतं ते मेलेल्याच्या चार वाक्यांनी झालं, याचा आनंद मानायचा असेल तर माना. मला मानता आला नाही. त्याच महिन्यात माझ्या मतदारसंघात एका बाईची भांडी सासरच्यांनी रस्त्यावर मांडली, आणि मी तिथे गेले तेव्हा ती मला म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं नाव घेतलेलं कुणी संसदेत नाही ना, ताई." मला तिच्याकडे बघवेना.

*

पुढच्या कोरड्या ऋतूत मला निरोप आला. कबासोकडे लग्नाची बोलणी आहेत, थट्टेचं माणूस म्हणून येऊन बस.

आता त्याला सगळेच कबासो म्हणत, मीसुद्धा. तो ओसरीवर बसला होता, डाव्या कुल्ल्यावर भार टाकून. चष्मा लावत नव्हता. मामीने बिनदुधाचा चहा त्याच्या हाताशी ठेवला होता. समोर चटईवर मुलाकडचा मध्यस्थ होता, मान्साच्याच शाळेतल्या एका मास्तराचा मामा. त्याने दोन ताटल्या पुढे ठेवल्या, एकीवर दुसरी पालथी झाकलेली. आत मागणीचे पैसे असतात, ते सगळ्यांना माहीत असतं. मुलीच्या बापाने झाकण काढलं की मागणी मान्य. नाही काढलं तर पाहुणे ताटल्या घेऊन परत जातात.

मी काहीतरी चेष्टा करायला हवी होती. माझं कामच ते. पण मी त्या ताटल्यांकडेच बघत बसले.

कसुबा आतून आली. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. ओसरीच्या कडेला ती दोन्ही गुडघे टेकून बसली, आणि हलक्या हाताने टाळ्या वाजवल्या, लेकी वडिलांपुढे वाजवतात तशा. मामीने तोंडाला पदर लावला.

बापाने मुलीला विचारावं लागतं, तशी रीतच आहे. त्याने पालथ्या ताटलीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. मध्यस्थ चुळबुळला. थोरल्या मामांनी काठी आपटली. मग तो बोलला, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, तो आवाज आंब्याखालच्या पोराचा होता.

"झाकण काढू का, कसुबा?"

तिने मान वर केली. डोळे कोरडे होते.

"काढा, बाबा," ती म्हणाली.

त्याने काढलं.